कुशाबांच्या वहीतलं वेळापत्रक

बुद्धरत्न महाडच्या कॉलेजात गणित शिकवायचा. सहा वर्षं तो एकाच प्रश्नामागे होता. कबड्डीचे आठ, बारा, सोळा संघ आणि त्यांच्या निम्मी मैदानं असोत, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळावं आणि कुणालाच एका मैदानावर दोनदाहून जास्त उतरावं लागू नये, असं वेळापत्रक लावायचं कसं? गेल्या वर्षी त्याची रीत गणिताच्या एका मासिकात अकरा पानांत छापून आली. त्या कौतुकापोटीच उमरठच्या स्पर्धेला त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं.

तिथे कुशाबा भेटले. ऐंशीच्या घरातले शेतकरी, एके काळी ही स्पर्धा तेच भरवायचे. त्यांनी १९७४ सालची वही पुढे केली. सुपाऱ्या गोल मांडायच्या, एक जागेवर ठेवून बाकीच्या सरकवायच्या, मग ठरावीक जोड्यांची मैदानं बदलायची. बुद्धरत्नने उभ्या उभ्या पडताळून पाहिलं. त्याचीच रीत होती, आणि तीही दीड पानात.

त्याचा जळफळाट झाला. चौथी शिकलेल्या माणसाला हे सुपाऱ्यांवर सुचलं होतं, तेही बुद्धरत्नच्या जन्माआधी!

"यात चूक आहे," तो म्हणाला. कुठे, ते सांगितलं नाही. कुशाबांनी वही मिटली.

दहा दिवसांनी ते एसटीने महाडला आले आणि विचारत विचारत स्टाफरूमपर्यंत पोचले. सोळा संघांपर्यंत त्यांनी सगळं तीनदा नव्याने मांडून पाहिलं होतं.

"चूक गावत नाय, सर. तुमीच दावा."

बुद्धरत्नने एका ओळीवर बोट ठेवलं. काहीही सांगितलं असतं तरी म्हाताऱ्याने ते खरं मानलं असतं. मग त्याने बोट उचललं.

"चूक नाही, बाबा. मला तुमचा हेवा वाटला. मी खोटं बोललो."

कुशाबांनी वही पुढ्यात ओढली.

"धा दिस जेवान गोड लागला नाय मला," एवढंच म्हणून ते वही घेऊन निघून गेले.

पुढच्या रविवारी बुद्धरत्न उमरठला गेला. कुशाबांनी त्याला तासभर ओटीवर बसवून ठेवलं आणि मग वही दिली. त्याने पानांचे फोटो काढले आणि ही रीत आधी कुणाची, ते मासिकाला कळवलं. पत्र छापून आलं, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्या मनाचा मोठेपणा वाखाणला. त्याला ते ऐकवेना. तीच रीत इतकी सोपी करून दीड पानात आपल्याला का मांडता आली नाही, हे शल्य अजून सलत होतं.