डावीकडून तिसरी

"माझ्या या दोन कानांनी ऐकलंय मी, बॅरी."

"मग ते दोन्ही कान तपासून घे, मिल्टन. म्हणे मॅरियन टेलफेअर कुजबुजली! उद्या म्हणशील, स्टेजवर बसून बटाटे सोलत होती."

शेहेचाळिसाव्या रस्त्यावरच्या त्या हॉटेलचा वरचा मजला खो-खो हसला. पंचवीस-तीस माणसं होती, बहुतेकांची सत्तरी उलटलेली. 'ट्रॉयच्या परटिणी' हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं त्याला यंदा पंचेचाळीस वर्षं होत होती. तो पहिला, अस्सल संच पाहिलेली ही मंडळी दर वर्षी एका रविवारी दुपारी इथे जमून कॉफी आणि चीजकेकबरोबर त्याच त्या आठवणी उगाळत.

यंदा मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नाट्यग्रंथालयातून नाओमी नावाची मुलगी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आली होती. आज जो बोलेल त्याची आठवण कायमची जपली जाणार होती. आणि कुणी बोलायचं, कुणी नाही, हे मेळा भरवणाऱ्या बॅरीच्या हाती होतं. तरुणपणी चपलांच्या दुकानात नोकरी करून त्याने हे नाटक अठ्ठ्याऐंशी वेळा पाहिलं होतं. सहाशे बारा प्रयोगांत नायिका मॅरियन एकदाही गैरहजर राहिली नाही, हे त्याच्या धर्माचं पहिलं कलम होतं.

"कोटाच्या खिशात टेप लपवून एकेचाळीस प्रयोग उतरवलेत मी," बॅरी म्हणाला. "शेवटची ओळ, 'आम्ही इथेच आहोत', ती प्रत्येक वेळी छप्पर उडेल अशी गायची."

"बुधवारच्या दुपारच्या प्रयोगाचा आहे एखादा?" मिल्टनने विचारलं.

"बुधवारी मला दुकान असायचं."

"मग?"

"मग काय? बुधवारी सूर्य पश्चिमेला उगवायचा का? नाओमी, याचं घेऊ नकोस. चुकीचं काही कायमचं राहायला नको."

मिल्टनचा चेहरा पडला. तो निवृत्त पोस्टमन होता, आणि त्याची बायको एस्टेल याच वसंतात गेली होती. त्याच्या शेजारी बसलेली त्याची लेक त्याचा कोट उचलत म्हणाली, "पप्पा, चला. उगाच कशाला शोभा करून घ्यायची?"

कोपऱ्यातल्या टेबलापाशी व्हर्ना कोलासिन्स्की मूग गिळून बसली होती. गेली अकरा वर्षं ती येत होती आणि अकरा वर्षं अशीच बसत होती. चाहत्यांच्या मेळ्यात यायचं आणि तोंड उघडायचं नाही, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. पण तिचा इलाज नव्हता. मिल्टन खरं बोलत होता, हे त्या खोलीत एकट्या तिलाच माहीत होतं. बुधवारी दुपारी ती ओळ कुजबुजलीच गेली होती. फक्त ती मॅरियनने म्हटली नव्हती. व्हर्नाने म्हटली होती.

त्या काळी तिचं रंगभूमीवरचं नाव लिली वेन होतं. कोरसमधली एक परटीण, आणि मॅरियनची बदली नटी. बदली नटीने मुख्य भूमिका केली, तर प्रेक्षकांच्या हातातल्या पत्रिकेत तसा कागद घालायचा किंवा पडद्यापुढे येऊन सांगायचं, अशी तिथली रीत. त्या बुधवारी मध्यंतरात मॅरियन पोटातल्या कळांनी गडाबडा लोळत होती. दुसऱ्या अंकात नायिका धोबीखान्यातल्या वाफेने भाजलेली असते, अर्ध्या तोंडाला पट्ट्या असतात. निर्माता हॅलोरन म्हणाला, "पट्ट्या हिला बांधा. कुणाला काही सांगायचं नाही. एकही प्रयोग न चुकवलेली नटी म्हणून मी तिच्या जाहिराती केल्यात."

चोवीस वर्षांची व्हर्ना पट्ट्या बांधून उभी राहिली. सगळं निभावलं, पण शेवटच्या ओळीला भीतीने घशाला कोरड पडली आणि आवाजच फुटेना. जे काय ओठांतून आलं ते कुजबुजल्यासारखं आलं. वादक थबकले. हजार माणसं ऐकायला पुढे वाकली, तेव्हा खुर्च्यांचा झालेला आवाज तिला अजून आठवत होता. पडदा पडल्यावर हॅलोरन एवढंच म्हणाला, "वाट लावलीस. आज जे झालं ते झालंच नाही, समजलं?" त्यानंतर तिला कुणी उभं केलं नाही. पुढची एकतीस वर्षं तिने क्वीन्समधल्या एका दातांच्या दवाखान्यात फोन घेतले.

आता हॅलोरन गेला होता, मॅरियनही गेली होती. वचन पाळायचं तरी कुणासाठी? 'ती मी होते' एवढंच म्हणायचं होतं. तिने टेबलाचा आधार घेतला आणि ती उठली.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली.

सगळे वळून बघू लागले. एवढ्यात मिल्टन लेकीचा हात सोडवून बॅरीला म्हणाला, "अरे, मला खोटारडा म्हण, चालेल. पण ती ओळ ऐकताना एस्टेलने माझा हात धरला, तो पहिल्यांदा. म्हणून तर पोरीचं नाव मॅरियन ठेवलं. ही बघ, समोर उभी आहे. का हिलाही मी मनानेच रचलं म्हणतोस?"

चाळिशी ओलांडलेली ती लेक ओशाळून कोटाची बटणं चाचपत राहिली.

व्हर्नाने तिच्याकडे पाहिलं. तिने वाक्य बदललं. खरं सांगितलं, तर मिल्टनचा खरेपणा सिद्ध होणार होता, पण त्याची मॅरियन जाणार होती, आणि या पोरीच्या नावाचा पायाही.

"बोला ना बाई," बॅरी म्हणाला. "अकरा वर्षांनी तोंड उघडताय."

"मिल्टन बरोबर सांगतायत. मी होते त्या दुपारी. मॅरियन कुजबुजलीच होती."

खोलीत कुजबुज सुरू झाली. बॅरी खुर्ची ओढून तिच्यासमोर येऊन बसला.

"कुठे बसला होतात?"

व्हर्नाला हे सुचलंच नव्हतं. ते नाटक प्रेक्षकांतून तिने कधी पाहिलंच नव्हतं. "पहिल्या रांगेत," ती म्हणाली.

"पहिल्या रांगेत!" बॅरीने सगळ्यांकडे पाहिलं. "अहो, वाफेच्या यंत्राने लोक भिजायला लागले म्हणून पहिली रांग दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकली होती. इथल्या कुणालाही विचारा."

मागून कुणीतरी हसलं. मिल्टन तिच्याकडे बघत होता, बुडत्याने काडीकडे बघावं तसा.

"पहिल्या रांगेइतक्या जवळ, असं म्हणायचं होतं मला. बसले नव्हते, उभी होते. विंगेत. माझी एक मैत्रीण कोरसमध्ये होती, तिने चोरून नेलं होतं."

"कोण मैत्रीण? सगळ्यांची नावं पाठ आहेत मला."

"लिली वेन."

बॅरीचा चेहरा एकदम उजळला. "लिली वेन! डावीकडून तिसरी! मॅरियनची बदलीसुद्धा तीच होती. बिचारीला एकदासुद्धा संधी मिळाली नाही." मग त्याने विचारलं, "आहे का हो ती अजून?"

"आहे. दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची."

"वाया गेली," बॅरी म्हणाला. खरंच हळहळून म्हणाला.

यावर व्हर्नाला हसावं की रडावं कळेना.

"पण एवढी कसलेली नटी," बॅरी म्हणाला, "एकाच दुपारी असं का करेल?"

"घाबरली असेल."

"मॅरियन आणि घाबरली?" लोक हसले. पण बॅरी हसला नाही. विंगेतून पाहिलेल्या साक्षीदाराशी वाद घालायला त्याच्याकडे बुधवारची टेप नव्हती. मग वळून म्हणाला, "नाओमी, मिल्टनचं घे. आणि यांचंही."

मिल्टन यंत्रासमोर बसला. बोलण्याआधी त्याने व्हर्नाला हळूच विचारलं, "तुम्ही अगदी जवळ होतात. तिच्या डोळ्यांत पाणी होतं का? एस्टेल म्हणायची होतं. मी म्हणायचो, ते दिवे चमकत होते."

"होतं," व्हर्ना म्हणाली.

"बघ," मिल्टन लेकीला म्हणाला, "तुझी आईच खरी निघाली." आणि तो डोळे पुसत बसला. लेकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग व्हर्नाची पाळी आली. त्या बुधवारी मॅरियन टेलफेअरने शेवटची ओळ कुजबुजत म्हटली आणि सारं थिएटर पुढे वाकलं, असं तिने स्वच्छ आवाजात सांगितलं. या खेपेला घसा कोरडा पडला नाही. नाओमीने यंत्र बंद करून एक छापील कागद पुढे केला.

"इथे नाव, इथे सही. आणि या चौकटींपैकी एकीवर खूण करा. कलाकार, कर्मचारी की प्रेक्षक." ती हसली. "विंगेत उभ्या होतात, म्हणजे प्रेक्षकच ना?"

"प्रेक्षकच," व्हर्ना म्हणाली.

तिने पूर्ण नाव लिहिलं, व्हर्ना कोलासिन्स्की. मग चौकटीत खूण केली. पेन नीट उमटेना, म्हणून ती खूण तिने दुसऱ्यांदा गिरवली.