एकशे ऐंशी काड्या

“काड्या कुठं गेल्या?”

तीन नंबरच्या तंबूत ताई गादीवर वाकली होती आणि तिच्या मानेवर टपटप थेंब पडत होते. गादी चिंब, उशा चिंब, कुणा पाहुणीचं पुस्तक भिजून पावासारखं फुगलेलं. दुपारी पाऊस पडला तो जेमतेम तासभर. तेवढ्यात सहाच्या सहा तंबू गळले आणि पाहुणे पांघरुणं डोक्यावर घेऊन जेवणाच्या हॉलकडे पळाले. एकोणीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. एकदाही नाही!

दारात तिची धाकटी जाऊ बादली आणि फडकं घेऊन उभी होती. तळ्याकाठच्या ह्या कँपात तंबू ताईकडे आणि झाडलोट जावेकडे. कामाला दोघी बरोबरच येत, बरोबरच जात.

“कसल्या काड्या, ताई?”

“कसल्या म्हणजे? अगं, निम्म्या तर तूच सोलून दिल्यास ना गेल्या वर्षी?”

जावेने बादली खाली ठेवली. बादलीची कडी तेवढी वाजली.

आता काडीसारख्या काडीवरून एवढा आरडाओरडा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण हे तंबू साधे नव्हेत. खाली घेरदार, वर निमुळते. टीपी म्हणतात त्यांना. आधी तीन वासे एकत्र बांधून उभे करायचे, मग बारा वासे एकेक करून त्यांच्या बेचक्यात टेकवायचे, मग भोवती कापड ओढून पुढच्या बाजूने लाकडी खुंट्यांनी टाचायचं. शेंड्याला धूर जायला भोक असतं. लोक म्हणतात, कापड गळतं. कापड कशाला गळेल? दर वर्षी ताई शिवण न् शिवण मेणाने भरून त्यावर इस्त्री फिरवायची. पाणी येतं ते वाशांवरून. शेंड्यातून आत शिरतं आणि वाशाला धरून खाली उतरतं. वासा गुळगुळीत तासलेला असला की ते मुकाट्याने जमिनीत जातं. पण छातीच्या उंचीवर, आतलं अस्तर बांधायला, सगळ्या वाशांना एक दोरी फिरवलेली असते. पाणी त्या दोरीला अडतं आणि पडतं थेट अंथरुणात. म्हणून प्रत्येक वाशापाशी दोरीखाली बोटाएवढ्या दोन काड्या सारायच्या. दोरी जराशी उचलली जाते आणि दोन काड्यांच्या मधून पाणी खाली निघून जातं. एका तंबूला तीस काड्या, सहा तंबूंना एकशे ऐंशी. आज त्यांतली एकही जागेवर नव्हती.

“साहेबांनी काढायला लावल्या,” जाऊ शेवटी म्हणाली. “परवा फोटोवाले यायचे होते ना. म्हणाले, तंबूत हा काय कचरा खोचलाय? मी म्हटलं, ताईंना विचारते. तर म्हणाले, विचारायला कँप काय ताईंच्या बापाचा आहे?”

“आणि तू काढल्यास.”

“काढल्या. मला अजून कायम केलेलं नाहीये, ताई.”

“मग मला सांगायचंस तरी!”

“तुम्ही भांडला असता.”

“भांडलेच असते! भांडायचीच गोष्ट आहे ही!” ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जावेचं उतरलेलं तोंड बघून तिने पुढचं गिळलं. हिच्यावर ओरडून काय मिळणार होतं? “चल माझ्याबरोबर,” ती म्हणाली.

साहेब ऑफिसात होते. कँपावर येऊन त्यांना तीनच महिने झाले होते. सदरा कडक, विजार कडक, बोलणं कडक. म्हणून त्यांच्यामागे त्यांना सगळे इस्त्रीसाहेब म्हणत. पलंगाच्या चादरीवर सुरकुती दिसली तरी त्यांना अन्न गोड लागत नसे. तंबू कसा उभा राहतो हे मात्र त्यांनी एकदाही जवळ येऊन बघितलं नव्हतं.

“बरं झालं आलात, ताई,” ते मान वर न करता म्हणाले. “तुमचं कापड जुनं झालंय. नाचक्की झाली आज. मी पाहुण्यांना पत्र पाठवून टाकलंय.”

“कसलं पत्र?”

त्यांनी फोन पुढे धरला. ताईने सावकाश, एकेक शब्द वाचला. ‘तंबू उभारणाऱ्या कर्मचारी महिलेच्या निष्काळजीपणामुळे आपली गैरसोय झाली. संबंधितांवर योग्य ती कारवाई करण्यात आली आहे.’

“माझ्या निष्काळजीपणामुळे?”

“लिहावं लागतं असं काहीतरी. तुमचं नाव कुठं घातलंय?”

“नाव कशाला घालायला हवं? तंबू उभारणारी बाई इथं दुसरी आहे कोण?” ताईचा आवाज इतका चढला की खिडकीबाहेरचा माळी थबकला. “साहेब, उठा. पाच मिनिटं तंबूत चला.”

“मला वेळ नाही.”

“पत्र लिहायला होता ना?”

साहेब उठले. बहुधा माळी बघत होता म्हणून उठले.

तीन नंबरच्या तंबूत ताईने तांब्याभर पाणी घेतलं आणि स्टुलावर चढून एका वाशावर वरून हळूच धार सोडली. “जवळ येऊन बघा. आणखी जवळ या.” साहेब वाकले. पाणी वाशावरून सरसर उतरलं, दोरीपाशी अडलं आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर पडलं.

“अहो!”

“आता हे बघा.” तिने एप्रनच्या खिशातून दोन जादा काड्या काढल्या, त्या वाशापाशी दोरीखाली सारल्या आणि पुन्हा धार सोडली. पाणी दोरीखालून गेलं, जमिनीपर्यंत पोचलं. वर एक थेंब राहिला नाही. साहेब बघत राहिले. त्यांना कळलं, कळलं हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसलं.

“मग हे आधी सांगायचं होतंत,” ते बाही पिळत म्हणाले.

“सांगितलं होतं! तुम्ही आलात त्याच दिवशी. ऑफिसच्या दाराशी मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं. भिंत घाण दिसते म्हणून तुम्हीच तो कागद उतरवलात.”

“काड्या तुम्ही काढल्यात की नाही, मला काय माहीत?”

“मी काढल्या,” जाऊ मागून म्हणाली. ती एक पाऊल पुढे आली. “तुमच्या सांगण्यावरून काढल्या. तुम्ही माझ्यापाशी उभे होतात, साहेब. हीपण राहिली, तीपण राहिली, असं बोटाने दाखवत होतात.”

ताई स्टुलावरून खाली उतरली.

“दुसरं पत्र पाठवा,” ताई म्हणाली. “खरं ते लिहा. तुमचं नाव घालू नका हवं तर. बाईची चूक नव्हती, एवढंच लिहा.”

“ताई, एका दिवसात दोन पत्रं? हसतील लोक. गेलं ते गेलं. दोन दिवसांत विसरतात सगळे.” आणि साहेब सदरा बदलायला निघून गेले.

विसरतात! कोण विसरतं? चूक करायची एकाने आणि खापर फोडायचं दुसऱ्याच्या डोक्यावर, वर म्हणे विसरा. एकोणीस वर्षं ताई एकच गोष्ट छातीठोकपणे सांगत आली होती: माझ्या तंबूत झोपलेलं माणूस ओलं झालं नाही. पैसाअडका नाही, शिक्षण नाही, तेवढं एकच वाक्य होतं तिच्याजवळ. ते आज एका माणसाने बसल्या जागी, अंगठ्याने पुसून टाकलं होतं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

“घरी जाऊ या का, ताई?” जावेने विचारलं.

तळ्याच्या पलीकडे आभाळ पुन्हा काळं होत होतं.

“आणि तो पाऊस कोण, साहेब अडवणार? काड्या टाकल्यास कुठं?”

“टाकल्या नाहीत. शेकोटीला होतील म्हणून टोपलीत ठेवल्यात.”

टोपलीत एकशे एकाहत्तर निघाल्या. नऊ परवाच्या शेकोटीत गेल्या असणार. दोन खिशातल्या होत्याच, ताईने पायरीवर बसून सात नव्या सोलल्या. मग दोघी कामाला लागल्या. जाऊ दोरी उचलून धरायची, ताई काड्या सारायची. एका वाशाला दोन, मग पुढचा वासा. पाच तंबू झाले. तीन नंबर राहिला होता, तोही अर्धा झाला होता, तेवढ्यात चष्मा लावलेली एक वयस्कर पाहुणी दारातून आत डोकावली. तिला आपलं पुस्तक न्यायचं होतं.

पुस्तक छातीशी धरून ती बराच वेळ बघत उभी राहिली.

“किती मन लावून करताय हो,” ती म्हणाली. “आधीच्या बाईला काढलं ते बरंच झालं. पत्र आलं आम्हाला. अशा निष्काळजी माणसांना ठेवूच नये.”

जावेच्या हातातली दोरी सुटली. ताईने ती शांतपणे पुन्हा उचलून तिच्या हातात दिली, काडी सारली आणि मग मागे वळली.

“ती बाई मीच.”

पाहुणी गोरीमोरी झाली. “मग... ते पत्र?”

“पत्र साहेबांनी लिहिलं,” ताई म्हणाली. “तंबू मी उभा केला.”

बाहेर पहिले थेंब कापडावर वाजू लागले. पाहुणी ओशाळून मागे सरकली. गडबडीत आधाराला तिने हात पुढे केला, तो कापडाच्या दिशेने गेला.

“तिथं नको,” ताई म्हणाली. “पावसात कापडाला आतून हात लावला की तिथून झिरपतं. मध्ये बसा. कोरडी गादी आणून देते.”

पाहुणीने झटकन हात मागे घेतला आणि जिथे सांगितलं तिथे जाऊन बसली. शेवटच्या वाशाच्या दोन काड्या राहिल्या होत्या. जावेने दोरी उचलून धरली.

वाशावरून पाणी खाली येऊ लागलं होतं.