वाकडं ठरलेलं वल्हं

मी केरळातल्या कुट्टनाडच्या एका सर्पनौकेचं, म्हणजे शर्यतीच्या लांबलचक होडीचं, सुकाणूचं वल्हं बोलतोय. ऐकून घ्या, कारण तेव्हा माझी बाजू कोणी ऐकली नाही.

वेलायुधन सुताराने मला आंजिलीच्या सलग लाकडातून घडवलं. दोरी ताणताणून माझी कड तपासली. "हे सरळ आहे. आता नौका वाकडी गेली तर माणूस वाकडा," असं म्हणत त्याने मला सुकाणूवाल्या दिवाकरनच्या हाती दिलं आणि पुढच्याच वर्षी वारला.

दिवाकरनने मला अकरा वर्षं धरलं. पुढे शंभर जण वल्ही मारायचे, मागे आम्ही दोघं उभे. पाण्याची ओढ त्याला तळपायातून कळायची. पण तोंडाने महाफटकळ! कोणाचा ताल चुकला की चारचौघांत सोलून काढायचा.

वल्ही मारणाऱ्यांतल्या तंकच्चनचं सगळं उलट. कोणाच्या लग्नात वाढायला हा, मयताला खांदा द्यायला हा. सरावाला यायचा तो पिकल्या केळ्याची गरम भजी घेऊन. मलाही तो आवडायचा, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे दरवर्षी नौकेच्या शेडमध्ये हात वर करून सुकाणूवाला निवडतात. त्या वर्षी पुढारी कुंजुमोन चाचरत म्हणाला, "दिवाकरन चेट्टा, तुम्ही थोरल्या भावासारखे, तुमच्या हाताला तोड नाही. पण सगळ्यांना तंकच्चन हवाय. तो असला की मजा येते."

"मजेने नौका सरळ जाते का रे?"

"बघा! हे असं बोलता, म्हणूनच!"

झाडून सगळे हात तंकच्चनसाठी वर गेले.

शर्यतीत आम्ही अर्ध्या वाटेपर्यंत पुढे होतो. काठावरून लोक "तंकच्चा, तंकच्चा" ओरडायला लागले. हा गडी एवढा फुलला की त्याने माझ्यावरचा एक हात काढून लोकांना हलवून दाखवला! मी एकटा काय करणार? नौका वळली ती थेट काठच्या लव्हाळ्यात घुसली.

हरल्यावर शेडमध्ये दोष शोधायची बैठक बसते. शंभर घरांची माणसं नौकेत, म्हणून माणसाला दोष द्यायचा नाही अशी रीत. मग उरतं लाकूड. नाचता येईना, अंगण वाकडं!

"वल्हं वाकलंय," तंकच्चन म्हणाला. सगळ्यांनी दिवाकरनकडे पाहिलं. मी निर्धास्त होतो. जो कोणाची भीड ठेवत नाही, तो माझी बाजू काय म्हणून सोडेल?

दिवाकरनने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. मग हसून म्हणाला, "हो, जरा वाकलंय खरं. तंकच्चन तरी काय करणार?"

काय हशा पिकला! कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कोणी हातात चहा दिला. "चेट्टा, तुम्ही एवढे गोड बोलता, माहीतच नव्हतं!" पुढच्या वर्षी सगळे हात त्याच्यासाठी वर गेले. नवं वल्हं आलं.

मला त्यांनी शेतातल्या पाटावर आडवं टाकलंय. बायका डोक्यावर भारे घेऊन माझ्यावरून जातात आणि म्हणतात, "फळी कशी छान सरळ आहे, पाय घसरत नाही."

दिवाकरनचं शेत पलीकडेच आहे. तो मात्र लांबचा बांध फिरून जातो. अरे, तंकच्चनवर माझा राग नाही, त्याला माझी पारख कुठे होती? तुला होती. एकदा तरी माझ्यावर पाय ठेव, दिवाकरन. मी सरळ आहे की वाकडा, ते तुझ्या तळपायाला अजून कळेल.