छत्रीच्या कापडाचं रेडकू

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला आधी हसू येईल. येऊ द्या. माझा एक कान सरळ आहे, दुसरा लोंबतो. नाक अंगाच्या मानानं फार मोठं, आणि डोळे तर शर्टाच्या बटणांचे. हातात घालून नाचवायची मी एक बाहुली. आता जुनी झालेली. जातीनं मी रेडकू, म्हणजे म्हशीचं पिल्लू, आणि नाव डुलक्या. माझं अंग एका काळ्या छत्रीच्या कापडाचं आहे, कारण मी जन्मलो त्या वर्षी आमच्या बीड जिल्ह्यात कुणाला छत्री उघडायची वेळच आली नव्हती.

त्या वर्षी पालीजवळच्या धरणाचा तळ उघडा पडला होता. तिथल्या भेगांत माणसाचा हात कोपरापर्यंत जायचा. गावोगावच्या गोठ्यांत कडबा संपला, तेव्हा दूध संस्थेनं धरणाजवळच्या माळावर चारा छावणी उघडली. बांबूंवर हिरवी जाळी ताणलेली, तिच्या सावलीत गाई, म्हशी, बैल, आणि त्यांच्या पायाशी त्यांची माणसं. चूल, बाज, लेकरं, सगळा संसार तिथंच. पाणी टँकरचं. टँकरला उशीर झाला की लोक धरणाच्या तळात खड्डा खणायचे, त्यात झिरपलेलं गढूळ पाणी घागरीत भरून आणायचे.

ते पाणी लेकरांना बाधलं. उलट्या, हगवण. चार वर्षांच्या सटवाला बीडच्या दवाखान्यात नेऊन तीन दिवस सलाईन लावावं लागलं. तो वाचला, पण परत आला तेव्हा त्याची मान त्याला पेलत नव्हती. सात वर्षांची त्याची बहीण कडूबाई दिवसभर त्याला कडेवर घेऊन हिंडायची.

पाणी उकळून प्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोवऱ्यांना छावणीत तोटा नव्हता. संस्थेचे चेअरमन राधाकिशन रोज सकाळी भोंग्यावरून हेच सांगायचे. त्यांचा आवाज असा भरदार, की भोंगा नसता तरी चाललं असतं. मोठी माणसं माना हलवायची. लेकरं मात्र तहान लागली की धरणाच्या तळाकडं धावायची.

नेकनूरच्या कौशल्याबाई आपल्या दोन म्हशींबरोबर छावणीत आल्या होत्या. त्यांनी शिलाई मशीनही सोबत आणलं होतं. त्यांनी ठरवलं, की लेकरांना बाहुल्यांचा खेळ करून दाखवायचा. त्यांनी आधी एक बैल शिवला. रुंद छाती, सोनेरी शिंगं, कपाळाला आरसा. त्याचं नाव सरदार. सरदार शहाणा, सरदार शूर, सरदार कधीच चुकत नाही. खेळ सुरू झाला आणि अर्धी लेकरं जांभया देत उठून गेली. हे सगळं मी पुढं कौशल्याबाईंच्याच तोंडून ऐकलं. सांगताना त्या स्वतःच हसायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरं एका मोबाईलभोवती गोळा होऊन कार्टून बघत होती. कौशल्याबाईही मागं जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर एक राजपुत्र तलवार फिरवत होता. लेकरं गप्प होती. मग त्याच्या मागून एक लठ्ठ मुंगूस धडपडत आलं, आणि सगळी जाळीखालची सावली हसण्यानं हलली.

"थांबव बरं ते," कौशल्याबाई म्हणाल्या. "मला सांगा, तुमाला राजपुत्र कावून आवडत न्हाई?"

"आवडतो की," कडूबाई म्हणाली. "पन त्येला भ्याव वाटत न्हाई. मुंगसाला वाटतं."

"मग मुंगूस पळून जातं का?"

"न्हाई! भितंय, पन त्येच्या मागंच ऱ्हातंय."

कौशल्याबाई लेकरांमध्येच खाली बसल्या. पुढचे चार दिवस त्यांनी लेकरांबरोबर मिळेल ते कार्टून पाहिलं. कुठं राजकन्येच्या टोपलीत बसणारं कासव होतं, कुठं शिपायाच्या खिशातली खार. मध्येच थांबवून त्या शिलाईच्या खडूनं खाकी कागदावर रेघा ओढायच्या. डोळे किती मोठे, मान किती आखूड, पडताना आधी काय पडतं. ही पिल्लं खादाड असतात, चुकतात, नको तिथं नाक खुपसतात, पण सोबत सोडत नाहीत, हे त्यांनी कागदाच्या कडेला लिहून ठेवलं.

मग त्यांनी हुबेहूब त्या मुंगसासारखं मुंगूस शिवलं. लेकरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. कडूबाई म्हणाली, "मावशी, ह्ये मोबाईलातलंच हाय. पन मेलेलं."

कौशल्याबाईंनी ते मुंगूस उसवून टाकलं. शेजारच्या दावणीच्या छबुबाई हे बघत होत्या. साठी ओलांडलेली बाई, एक म्हैस आणि तिचं रेडकू घेऊन आलेली.

"कौशल्ये, मुंगूस इथं कुनी बघितलंय का?" त्या म्हणाल्या. "जे हाय त्येच्याकडं बघ की. माजं रेडकू काय कमी नकला करतंय?"

नर रेडकाकडं कुणी बघत नाही, मित्रांनो. ते दूध देणार नाही, म्हणून त्याचं कौतुक नसतं. कौशल्याबाई मात्र त्या रेडकापुढं दोन दिवस बसल्या. ते प्रत्येक गोष्टीला नाक लावायचं. बादलीला, चपलेला, जळत्या गोवरीलाही. लगेच शिंकायचं, दचकायचं, आईच्या पोटाखाली लपायचं, आणि तिथून पुन्हा हळूच नाक बाहेर काढायचं. उभ्या उभ्या त्याला डुलकी लागायची. लेकरांच्या कार्टूनमध्ये जे होतं, ते सगळं इथं दावणीला बांधलेलं होतं.

तेव्हा मी झालो. छत्रीचं कापड माझ्या अंगाला, सरकी काढलेला कापूस नाकात, खणाची गुलाबी जीभ. एक कान त्यांनी मुद्दाम सैल टाक्यावर ठेवला, म्हणजे मी घाबरलो की तो डोळ्यावर पडेल. मग त्यांनी आपला हात माझ्यात घातला. तो क्षण मला अजून सांगता येत नाही. एका श्वासापूर्वी मी चिंध्या होतो. आणि आता मी बघत होतो. समोर केवढं तरी आभाळ होतं, रिकामं, पांढरं. मी त्याला नाक लावायला गेलो आणि शिंकलो. छबुबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आता माझ्या जोडीला येणाऱ्या सरदाराला आवाज हवा होता. कौशल्याबाई चेअरमनांकडं गेल्या.

"कौशल्याबाई, हितं जनावराला कडबा पुरंना, अन् तुमी बाहुल्या नाचवताय?" राधाकिशन म्हणाले.

"भाऊ, भोंग्यावर तुमी रोज सांगता. लेकरं ऐकतात का?"

त्यांनी हातातली वही मिटली.

"तुमचा आवाज बैलाला शोभंल," कौशल्याबाई म्हणाल्या. "फकस्त एकदा करा. न्हाई जमलं तर मी पुन्यांदा इचारनार न्हाई."

संध्याकाळी जू वर करून उलाळून ठेवलेल्या बैलगाडीवर घोंगडी टाकून आमचा पडदा झाला. दोनशे माणसं जमली असतील. राधाकिशन घोंगडीमागं उकिडवे बसून सरदार बैल झाले. गोष्ट साधी होती. सरदार आणि मी पाणी शोधत निघतो. वाटेत मी गोवरी खातो, चप्पल चाटतो, स्वतःच्या सावलीला भितो. मग गढूळ पाण्याचा खड्डा लागतो.

"डुलक्या, हे पानी उकळल्याबिगर प्यायचं न्हाई," सरदार म्हणाला.

मी खड्ड्याला नाक लावलं.

"पिऊ नको!" एक लेकरू ओरडलं. मग सगळी ओरडली. "डुलक्या, पिऊ नको रे!" मी त्यांच्याकडं पाहिलं, कान डोळ्यावर पाडला, आणि प्यालो. आणि पडलो.

एवढी शांतता त्या छावणीत मी कधी ऐकली नव्हती. म्हशींनी रवंथ थांबवला की काय, असं वाटलं. माझ्या पोटात कौशल्याबाईंच्या मनगटाची नाडी धाडधाड उडत होती. मी छत्रीचं कापड आहे, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दोनशे माणसांनी माझ्यासाठी श्वास धरला होता.

कडूबाई उठली. सटवाला आईच्या मांडीवर ठेवून ती पडद्यापाशी आली, आणि तिनं माझं नाक दोन्ही हातांत धरलं.

"ऊठ की," ती हळूच म्हणाली. "आमचा सटवा उठलता."

हे खेळात नव्हतं. घोंगडीमागं राधाकिशननी सरदाराला खाली ठेवलं. कौशल्याबाईंनी मनगट हळूच वळवलं. मग मी एक डोळा वर केला आणि विचारलं, "उकळलेलं पानी हाय का?"

सात वर्षांची पोर अशी पळाली, की धूळ उडाली. चुलीवरचं निवलेलं पाणी तिनं पेल्यातून आणलं आणि माझ्या गुलाबी जिभेला लावलं. खणाचा रंग थोडा सुटला. तो डाग अजून माझ्या गळ्यावर आहे.

त्यानंतर आठ दिवसांनी टँकर आलाच नाही. एक दिवस गेला, दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. जाळीखाली घागरी पालथ्या पडल्या होत्या. कुणीतरी ओरडलं, की लेकरं धरणाकडं गेली. कौशल्याबाईंनी मला कमरेला खोचलं आणि त्या धावत सुटल्या.

पंधरा-वीस लेकरं खड्ड्याभोवती होती. सगळ्यांचे ओठ पांढरे पडलेले. आणि त्यांच्यापुढं, खड्ड्याला पाठ करून, कडूबाई दोन्ही हात पसरून उभी होती. सटवा तिचा परकर ओढत रडत होता.

"तान लागली, अक्का."

"मला बी लागली," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "घागर भरू, वर नेऊ, उकळू. मग पिऊ. तवर कुनीबी न्हाई. डुलक्या पडलता ना? तू बी पडलतास."

एकाही लेकरानं ओंजळ पुढं केली नाही.

कौशल्याबाईंचा हात मला काढायला कमरेकडं आला आणि तिथंच थांबला. त्या दिवशी माझी गरज पडली नाही.

लेकरांनीच घागरी वर वाहून नेल्या. संस्थेच्या मोठ्या कढईत पाणी गाळून ओतलं, गोवऱ्या पेटवल्या. पाणी निवेपर्यंत ती सगळी कढईभोवती बसून राहिली. टँकर संध्याकाळी आला. त्या छावणीतून पुन्हा कुठलं लेकरू दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

पाऊस झाल्यावर छावणी उठली. छबुबाईंनी आपलं रेडकू कुणाला विकलं नाही, चालवत घरी नेलं. काही वर्षं मी गावोगाव फिरलो, युसूफ वडगावच्या शाळेतही खेळ झाला. मग लोक विसरले. दूध संस्थेच्या खोलीत कपाटावर मी पडून राहिलो. उंदरांनी माझी शेपूट नेली.

गेल्या महिन्यात कौशल्याबाईंनी मला खाली उतरवलं. नेकनूरच्या मुलींना त्या बाहुल्या शिवायला शिकवतात. त्यांनी कात्री घेतली आणि माझ्या पोटाची शिवण उसवली, आत टाके कसे घातलेत ते मुलींना दिसावं म्हणून. मी उलटा होऊन टेबलावर पसरलो. आठ-दहा डोकी माझ्यावर वाकली. एका मुलीनं माझा सैल कान दोनदा उचलून सोडला, मग ती वहीत रेघा ओढू लागली. मला वाटलं, मलाच काढतेय. पण तिच्या कागदावर एक टिटवी उतरत होती. लांब पाय, घाबरलेले डोळे, आणि एक पंख सैल.

मित्रांनो, घरातल्या जुन्या बाहुल्या फेकू नका. आणि पुन्हा शिवता येत असेल, तर त्यांना उसवायलाही भिऊ नका. माझी शिवण अजून उघडीच आहे. त्या मुलींचं बघणं अजून संपलेलं नाही.