स्विचवरची टोपी

नम्रताने लॅपटॉप पाटावर आदळला, तसा पडवीत सुपारी कातरणाऱ्या तिच्या बाबांचा, कुंडलिकचा, अडकित्ता थांबला. सोमवारी कंपनीत तिची चौकशी होती, आणि दोष तिचा नव्हता.

संगणकाच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, कोणी किती मेमरी घेतली याची नोंद असते. ती एकाच वेळी अनेक जण वाचतात. वाचणाऱ्याने आधी ‘वाचतोय’ अशी खूण लावायची. खूण असेपर्यंत नोंद मोडीत काढायची नाही. नम्रताने खूण लावली होती. तिच्या वरिष्ठाने, शेखरने, वेग वाढावा म्हणून त्या दोन ओळी गुपचूप उडवल्या. गिऱ्हाइकाची यंत्रं कोसळली आणि अहवालात आलं, नम्रताने खूण लावलीच नव्हती. चोर तर चोर, वर शिरजोर! तिच्याकडे जुनी प्रत होती. सगळ्यांना पाठवायचं पत्र तयार होतं.

बाबांना समजावं म्हणून तिने ते पूर्वी कामाला होते त्या मुरबाडच्या भातगिरणीचा दाखला दिला. यंत्राच्या पट्ट्यापाशी खाली उतरणारा आपली टोपी स्विचवर टांगून जायचा. टोपी असली की बटणाला कोणी हात लावायचा नाही.

“टोपी शेखरनंच काढली, आन् वर सांगतो का मी ती टांगलीच नव्हती,” ती म्हणाली.

बाबा खाली बघत म्हणाले, “जाऊ दे गो. घाईत होतं मानसाकडून.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाईत झालं तर कबूल करायला काय होतं, असं तिने तोंडावर विचारलं. बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

“आपल्या शेजारच्या वाळूनं त्या दिवशी टोपी टांगली होती,” ते म्हणाले. “मी काढली, आन् बटण दाबलं. ट्रक खोळंबला होता. वाटलं, तो वर आलाय.”

वाळूकाकांची चार बोटं त्या पट्ट्यात गेली होती. टोपी टांगायला विसरला म्हणून तीस वर्षं गाव त्यांनाच हसत आलं. तेही मान डोलवत, माझाच वेंधळेपणा म्हणत. आणि रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी सुपारी कातरणाऱ्या बाबांचं सगळे कौतुक करत. नम्रताही करायची. आता तिला त्या कौतुकाची किळस आली.

तिने लॅपटॉप उघडला आणि पत्र पाठवून दिलं.

अंगणात चपला वाजल्या. वाळूकाका नेहमीसारखे पायरीवर टेकले आणि फक्त अंगठा उरलेला तळवा त्यांनी पुढे केला. बाबांनी सुपारी उचलली. नम्रताने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

“आदी सांगा त्यांना,” ती म्हणाली.