हवा मोकळी करा

वसाहतीतला वायरमन माणूस लाख मोलाचा, पण ‘नाही’ म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. भिडेला बळी पडणारा भोळसट! कुणी म्हणालं भिंतीत खिळा ठोक, ठोकला. कुणी म्हणालं तोच उपटून बोटभर वर ठोक, तोही ठोकला.

त्यानेच वसाहतीत निरोपाच्या पेट्या आणल्या. पेटी साबणाच्या वडीएवढी, वर छोटीशी अँटेना. तिला ना टॉवर लागतो ना सिमकार्ड. आपण मोबाइलवर लिहायचं, पेटी तो निरोप रेडिओवरून दुसऱ्या पेटीकडे फेकते, ती तिसरीकडे. आग लागल्यावर माणसं हातोहात बादल्या देतात ना, तसंच. नदीपलीकडे त्याची ताई राहायची, तिच्या गच्चीवरही त्याने एक पेटी लावली होती, एक तिच्या गाडीतही ठेवून दिली होती. पथ्य एकच होतं. निरोप पुढे ढकलायचं काम उंचावरच्या दोन-तीन पेट्यांचं, बाकीच्यांनी नुसतं बोलायचं आणि ऐकायचं. हवा सगळ्यांची मिळून एकच, सगळ्याच ढकलायला लागल्या तर कुणाचंच पोचणार नाही.

हे लोकांना पटेल तर शपथ!

“म्हणजे पाण्याच्या टाकीवरची पेटी तेवढी कामाची आणि आमची काय शोभेची?” बेकरीवाला फुरंगटला.

“माझ्या पेटीमुळे कुणाचा निरोप पोचला तर चांगलंच ना रे?” शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या.

वायरमनने मान खाजवली, आणि घरोघरी जाऊन प्रत्येकाची पेटी निरोप ढकलणारी करून दिली. घरोघरी चहा मिळाला. सगळे खूश.

मग त्या दिवशी जमीन हलली. भिंतींना तडे गेले, कपाटं आडवी झाली, पण नशीब थोर, वसाहतीत कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मोबाइल मात्र मुके झाले. वायरमन धावत पाण्याच्या टाकीवर चढला, वाकडी झालेली अँटेना सरळ केली, आणि लगेच ताईचा निरोप आला. “आई कशी आहे? जीव थाऱ्यावर नाही. आम्ही गाडी काढून येतोय.”

त्याने सहज नदीकडे पाहिलं. पुलाचा अलीकडचा भाग कोसळून पाण्यात पडला होता. पूल मध्ये उंच, पलीकडून येणाऱ्याला माथा ओलांडेपर्यंत पुढचं काही दिसत नाही. आणि पुलाकडे जाणारा वसाहतीचा रस्ताही दरडीखाली गेलेला.

“येऊ नकोस! पूल तुटलाय!” त्याने लिहिलं. पडद्यावर आलं, ‘रांगेत आहे’.

रांगेतच राहिला तो निरोप. कारण हवा मोकळी मिळाल्याशिवाय पेटी बोलत नाही, आणि वसाहत बोलतच होती. “सगळे ठीक ना?” “आम्ही ठीक, तुम्ही?” “आज पाव मिळणार नाही.” एकेक निरोप प्रत्येक घरातली पेटी इमानेइतबारे पुन्हा पुढे ढकलत होती. त्याने लिहिलं, “पेट्या बंद करा, हवा मोकळी करा.” तोही जाऊन त्याच रांगेत उभा राहिला. वायरमनला हसू आलं आणि रडूही.

एकेक पेटी पुन्हा नुसती ऐकणारी करत बसायला वेळ नव्हता. तो खाली उतरला आणि ‘बंद करा’ म्हणत दारोदार पळत सुटला. बेकरीवाल्याने ऐकताक्षणी पेटी बंद केली आणि स्वतःच ओरडत गल्लीत निघाला. काहींनी बंद केल्या. काहींनी त्याची पाठ वळताच पुन्हा चालू केल्या, त्यांचंही कुणी ना कुणी कुठेतरी होतंच की.

काकूंनी पेटी छातीशी धरली होती. “माझ्या लेकीचा निरोप यायचाय रे. मी बंद केली आणि तेवढ्यात आला तर?”

“काकू, माझी ताई पुलावर...”

“कळतंय रे बाबा मला. पण माझी लेक एकुलती एक आहे.”

हिसकावून घ्यायची होती. हात पुढेही गेला. पण काकूंचे डोळे पाहून तो हात तसाच मागे आला, आणि वायरमनला स्वतःची चीड आली.

तो परत टाकीवर चढला. आई काठी टेकत टाकीखाली येऊन उभी राहिली होती. पलीकडच्या रस्त्याला गाडी दिसली, काडेपेटीएवढी. त्याने सदरा काढून हवेत फिरवला, घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. नदीचा आवाज त्याच्याहून मोठा होता.

गाडी पुलाच्या तोंडाशी थांबली. ताई खाली उतरली. ती मोबाइल पाहतेय, एवढं त्याला ओळखू आलं. ‘पोच रे, आता तरी पोच,’ तो पेटीला विनवत होता.

पेटी वाजली. निरोप ताईचा होता, पलीकडच्या मोकळ्या हवेतून आलेला. “पुलाशी आलोय. हे थांबू या म्हणतात. पण धोका असता तर तू कळवल्याशिवाय राहिला नसतास. निघतोय.”

त्याचा स्वतःचा निरोप अजून रांगेतच होता. ताई गाडीत बसली. गाडी पुलाचा चढ चढू लागली.

“दिसतेय का रे ती?” खालून आईने विचारलं.

“दिसतेय, आई,” तो म्हणाला.