पापडांना माझी नजर लागते म्हणे

मी कॅमेरा बोलतोय. पापडाच्या कारखान्यातला, एका डोळ्याचा, आणि तोही डोळा नुसत्या काचेचा.

प्रमिलाताईंनी म्हसा गावच्या खांबलिंगेश्वराला नवस बोलला होता, ‘पापडाचा धंदा उभा राहू दे, नारळांचं तोरण बांधीन.’ देव पावला. तोरण घेऊन त्या मुरबाडहून जत्रेला आल्या आणि परतताना त्यांना मी भेटलो, घोंगड्या आणि बैलांच्या घुंगुरमाळा यांच्या मधल्या खेळण्यांच्या दुकानात. नवस मीही बोललो होतो, ‘देवा, कुणीतरी मला घरी नेऊ दे, जन्मभर डोळ्यांत तेल घालून पहारा करीन.’ माझ्या पोटात दोन सेल आणि एक लुकलुकणारा लाल दिवा, दिसण्याच्या नावानं शंख. नवस बोलताना एवढी बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानातून गेली.

“ताई, कॅमेरा खोटा आहे,” दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, “पण धाक खरा.”

कान मात्र माझे तिखट आहेत. पुढचं सगळं मी कानांनीच टिपलंय.

प्रमिलाताईंनी मला कारखान्यात पोळपाटांच्या रांगेसमोर उंचावर टांगलं. पहिल्या दिवशी बायकांच्या गप्पा एकदम बंद, लाटण्यांचा आवाज दुप्पट. माझी छाती फुगली. कारखाना मीच चालवतो, असा माझा पक्का समज झाला. शकू तर पावडर लावून यायला लागली, असं बाकीच्या बायका कुजबुजायच्या. माझ्याखाली उभी राहून मोठ्यानं म्हणायची, “चला गो, हात चालवा.” प्रमिलाताई बाहेर गेल्या की तिचं लाटणं गप्प आणि तोंड सुरू.

गंमत पुढेच आहे. मी आंधळा, हे प्रमिलाताईंना ठाऊक होतं. तरी माझ्यासमोर कोण कसं वागतं, यावरून त्या माणसं पारखू लागल्या. शेजारणीला सांगायच्या, “शकू बघा किती मोकळी, कॅमेऱ्याकडं बघून हसते. मनात पाप नसलं की माणूस असंच असतं. नाहीतर ती ठमी, सारखी पाठ करून बसते.”

ठमी गावाबाहेरच्या वाडीवरून चालत यायची. या कामामुळं यंदा तिला पोरांसकट वीटभट्टीवर जावं लागलं नव्हतं. बोलणं कमी, आणि बसायची ती माझ्याकडं पाठ करून, पिठावर ओणवी होऊन.

एक दिवस मसाल्याच्या फळीवरची वेलचीची पुडी सापडेना. प्रमिलाताई थेट ठमीपाशी आल्या.

“ठमे, कॅमेऱ्यात सगळं दिसलंय. पदराची गाठ सोड.”

मला दिसलंय? मला तर समोरची भिंतसुद्धा दिसत नव्हती. एवढा मोठा साक्षीदार मी, आणि मलाच काही माहीत नाही.

ठमी शांतपणे म्हणाली, “दिसलं तर बरंच झालं. मंग मला पन दाखवा.”

लाटणी थांबली. “आधी गाठ सोड,” प्रमिलाताई म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

गाठ सुटली. मोहऱ्या फरशीवर टपटपल्या.

“मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या. घरचं हाय, तुमचं नाय.”

“हे कशाला गो?”

“ह्याची दिष्ट काढते मी रोज जाताना. एकच डोळा, पापनी बी लवत नाय. पिठावर नजर पडली का पापड चिरतात. म्हनून आडवी बसते पिठाला. तुमच्याच पापडांसाठी, बाय.”

“माझे चिरतात ते त्याच्यानं व्हय,” शकू म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मग तीच हळू आवाजात म्हणाली, “आन बाय, वेलची काल व्याही आले तवा चहासाठी तुमीच नेलीत ना घरात?”

ठमीनं पदर झटकला. “जाते मी. चोर म्हनून नाव झालं का वाडीत तोंड नाय दाखवता येत. भट्टीच बरी.”

प्रमिलाताई दारात आडव्या झाल्या.

“तो आंधळा आहे गो. खेळण्याच्या दुकानातला. त्याला काही दिसलं नाही. डोळे मला होते, आणि मीच पाहिलं नाही. नाव मी घेतलं, संध्याकाळी तुझ्यासोबत वाडीत येते आणि तुझ्या सासूसमोर सांगते, चूक माझी.”



“चालत यावं लागंल,” ठमी म्हणाली. “चढ हाय.”

“येईन.”

गेल्या त्या. दुसऱ्या दिवशी पाय सुजले म्हणून कण्हत होत्या, आणि ठमी त्यांना तेल चोळताना बजावत होती, “आंधळा असला तरी काढा त्याला. आंधळ्याची नजर आनखीनच वाईट.”

म्हणून आता मी गच्चीवर असतो, वाळणाऱ्या पापडांची राखण करायला. पहिले दोन दिवस कावळे घाबरले. हल्ली ते पापड घेऊन माझ्याच डोक्यावर बसून खातात. माझी किंमत त्यांना माणसांपेक्षा लवकर कळली.

खाली प्रमिलाताईंचा पाट आता ठमीच्या समोर असतो. काही खटकलं की त्या तिलाच विचारतात. तुमच्याही कामाच्या जागी कुणी पाठ करून बसत असेल, तर माझ्यासारख्याला टांगू नका. आपला पाट उचला, तिच्या समोर नेऊन मांडा, आणि विचारा, “का गो, अशी का बसतेस?”